वाचाघातावरील उपचार : औषध आणि भाषोपचार यांची सांगड

पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्ण बचावला, अतिदक्षता विभागातून साध्या कक्षात आला आणि हातापायांत थोडे बळ येऊ लागले की कुटुंबीय सुटकेचा निःश्वास टाकतात. पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत नेमके याच वेळी दुसरे संकट ध्यानात येते. माणूस समोर बसलेला आहे, सर्वांना ओळखतो आहे, त्याच्या डोळ्यांत ओळखीचे भाव आहेत. पण त्याला शब्द सापडत नाही. पाणी हवे असते आणि तोंडातून भलतेच काही निघते. 'हो' म्हणायचे असते आणि 'नाही' म्हटले जाते. या अवस्थेला 'वाचाघात' असे म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात वाचकांनी 'अफेजिया' हा शब्द ऐकला असेल.

अशा रुग्णांचे नातेवाईक आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "बोलणे परत येईल ना?" हा असतो, आणि दुसरा, "बोलणे आणणारी एखादी गोळी किंवा इंजेक्शन आहे का?" हा. खर्चाची तयारी असल्याचेही ते आवर्जून सांगतात. आमचे काही देणगीदारही याच भावनेने विचारतात, की वाचाघाताच्या गरीब रुग्णांसाठी महागडी औषधे घेऊन दिली तर चालेल का? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. औषधांचा काही उपयोग होऊ शकतो, असे दाखवणारे संशोधन आहे. मात्र तो उपयोग कोणत्या अटीवर होतो हे समजून घेतले नाही, तर पैसा आणि त्याहूनही मोलाचा काळ वाया जातो. म्हणून या वर्षीच्या अहवालात या विषयाची सविस्तर माहिती देण्याचे आम्ही योजले आहे.

वाचाघात म्हणजे काय?

बोलण्यासाठी जीभ, ओठ आणि घसा लागतात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु शब्द निवडणे, त्यांची वाक्यात गुंफण करणे, दुसऱ्याच्या बोलण्याचा अर्थ लावणे, वाचणे आणि लिहिणे ही सारी कामे मेंदूची आहेत. बहुसंख्य माणसांत ती मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालतात. त्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला किंवा तेथे रक्तस्राव झाला, तर भाषेची घडी विस्कटते. पक्षाघात झालेल्या व्यक्तींपैकी सुमारे एक तृतीयांश व्यक्तींना आरंभीच्या काळात कमीअधिक प्रमाणात वाचाघात असतो. डोक्याला मार लागणे, मेंदूतील गाठ किंवा मेंदूचा संसर्ग यांमुळेही तो होऊ शकतो.

फ्रान्समधील शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ साली मेंदूच्या पुढच्या भागातील इजा आणि बोलणे खुंटणे यांचा संबंध दाखवला. त्यानंतर १८७४ साली जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी वेगळ्या प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. ब्रोकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात रुग्णाला बरेचसे समजते, पण बोलणे तुटक होते. "काल मला डॉक्टरांनी गोळी दिली" असे सांगायचे असता "काल... डॉक्टर... गोळी" एवढेच निघते, मराठीतील 'ने', 'ला', 'नी' असे प्रत्यय आणि क्रियापदे गळून पडतात. वेर्निके यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात बोलणे भरभर चालते, पण त्याचा अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही नीट समजत नाही. याशिवाय केवळ नावे न आठवणे, ऐकलेले पुन्हा म्हणता न येणे, असेही प्रकार आहेत.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला असा की, वाचाघात म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे. रुग्णाचे अनुभव, नाती, आवडीनिवडी आणि स्वाभिमान हे सारे शाबूत असू शकते; ते व्यक्त करण्याचा मार्ग तेवढा अडलेला असतो. दुसरा गैरसमज असा की, रुग्णाला ऐकू येत नसावे. त्यामुळे नातेवाईक नकळत मोठ्याने बोलू लागतात, किंवा लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात. दोन्हींमुळे रुग्ण दुखावतो आणि हळूहळू बोलण्याचा प्रयत्नच सोडून देतो.

मेंदू भाषा पुन्हा कशी मिळवतो?

झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत बोलण्यात आपोआप काही सुधारणा होते. मेंदूची सूज उतरते, इजेच्या कडेचा अर्धवट उपाशी राहिलेला भाग पुन्हा कामाला लागतो. पुढची सुधारणा मात्र मेंदूच्या दुसऱ्या गुणावर अवलंबून असते. मेंदूतील पेशींचे परस्परांशी असलेले दुवे वापराने बळकट होतात, नवे दुवे तयार होतात आणि शेजारचे भाग गमावलेले काम काही अंशी उचलतात. हा गुण सरावावर पोसला जातो. ज्या कामाचा सराव होतो, त्याच कामाचे दुवे घट्ट होतात.

औषधाची भूमिका समजण्यासाठी १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उपयोगी पडतो. संशोधक फीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या एका बाजूस इजा झालेल्या उंदरांना अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाची एकच मात्रा दिली. अरुंद पट्टीवरून चालण्याची संधी मिळालेले उंदीर लवकर सुधारले. ज्या उंदरांना औषध दिल्यावर काही तास जखडून ठेवले होते, त्यांना मात्र त्याच औषधाचा लाभ झाला नाही. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारांवरील औषध दिल्यास सुधारणा मंदावते, असेही त्याच प्रयोगात दिसले.

माणसाच्या भाषेचा प्रश्न उंदराच्या चालण्याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे, हे उघड आहे. तरीही या प्रयोगातून निघालेला विचार पुढच्या सर्व संशोधनाचा पाया ठरला : औषध मेंदूला शिकण्यास अनुकूल अवस्थेत आणू शकेल, पण काय शिकायचे ते सरावच ठरवतो. पाऊस वेळेवर झाला तरी पेरणी केल्याशिवाय पीक येत नाही, तसेच हे आहे.

भाषोपचाराचा आधार किती भक्कम आहे?

भाषोपचार म्हणजे केवळ 'बोलण्याचा व्यायाम' नव्हे. वाचा व भाषा उपचारतज्ज्ञ प्रथम रुग्णाचे ऐकून समजणे, नावे सांगणे, पुनरुच्चार, वाचन आणि लेखन यांची स्वतंत्र तपासणी करतात. त्यातून कोणती वाट बंद आहे आणि कोणती उघडी आहे हे कळते. मग त्या रुग्णाच्या आयुष्यातील शब्दांपासून आरंभ होतो. शेतकऱ्यासाठी विहीर, बैल, खत हे शब्द. गृहिणीसाठी पातेले, फोडणी, नातवंडांची नावे. दुकानदारासाठी हिशेब आणि उधारी. पुष्कळ रुग्णांना स्वतःचे नाव सांगता येत नाही, पण वारांची नावे, पाढे, शुभंकरोती किंवा आवडते भजन सलग म्हणता येते. पाठ असलेले असे बोलणे मेंदूत वेगळ्या वाटेने येत असल्यामुळे तज्ज्ञ त्याचा पायरी म्हणून उपयोग करतात.

या उपचारांचा उपयोग होतो का, याचा जगभरातील अभ्यासांच्या आधारे वेळोवेळी आढावा घेण्यात आला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात ५७ चाचण्या आणि ३,००२ रुग्ण यांची माहिती एकत्र करण्यात आली. भाषोपचार न मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत तो मिळालेल्या रुग्णांचा दैनंदिन संवाद, वाचन, लेखन आणि बोलणे यांत फायदा दिसला. जास्त तास आणि जास्त काळ उपचार मिळाल्यास लाभ वाढू शकतो, असेही आढळले. मात्र अतिशय सघन उपचार सर्वांना झेपत नाहीत आणि काहीजण ते मध्येच सोडतात, ही नोंदही त्यातच आहे.

जर्मनीतील १९ केंद्रांत झालेल्या आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५६ रुग्णांची माहिती तपासली गेली. हे सर्व रुग्ण झटक्यानंतर सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लोटलेले होते. त्यांना किमान तीन आठवडे, दर आठवड्याला दहा किंवा अधिक तास उपचार दिल्यावर दैनंदिन प्रसंगांतील बोलण्यात सुधारणा झाली आणि ती सहा महिन्यांनंतरही टिकून होती. ज्यांना तेवढा काळ थांबावे लागले, त्यांच्यात प्रतीक्षेच्या काळात अशी सुधारणा झाली नाही. "सहा महिने उलटले, आता जे आहे ते कायमचे" हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा समज किती निराधार आहे, हे यावरून दिसून येते.

औषधांच्या शोधात काय हाती आले?

भाषोपचाराला औषधाची जोड देण्याचे प्रयत्न गेली चार दशके चालू आहेत. त्यांतील काही ठळक प्रयत्नांचा येथे परिचय करून देतो.

मेंदूतील डोपामिन हे रसायन वाढवणाऱ्या किंवा त्याचे काम करणाऱ्या औषधांवर आरंभी मोठी आशा होती. १९८८ साली ब्रोमोक्रिप्टिन या औषधाने एका रुग्णाचे अडखळते बोलणे सुधारल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. परंतु पुढे काटेकोर तुलना करून केलेल्या चाचण्यांत, त्यांत २००६ साली इराणमध्ये ३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीतही, निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. कंपवातावर वापरल्या जाणाऱ्या लेव्होडोपा या औषधाची २००९ साली पोलंडमध्ये ३९ रुग्णांवर चाचणी झाली. उपचाराच्या तासापूर्वी औषध दिलेल्यांत, विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्यांत, काही बाबतींत अधिक प्रगती दिसली. नंतरच्या लहान अभ्यासांत मात्र तसा लाभ आढळला नाही.

अ‍ॅम्फेटामिनची चाचणी २००१ साली अमेरिकेत २१ रुग्णांवर झाली. भाषोपचाराच्या प्रत्येक तासापूर्वी अर्धा तास १० मिलिग्रॅम औषध, असे दहा तास पाच आठवड्यांत योजले होते. औषध थांबवल्यानंतर एका आठवड्याने औषध घेतलेला गट पुढे होता. सहा महिन्यांनंतरचा फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. रक्तदाब आणि हृदय यांवरील परिणाम आणि व्यसनाचा धोका पाहता, हे औषध नित्याच्या उपचारात आणावे असे म्हणता येत नाही.

स्मृतिभ्रंशावर वापरल्या जाणाऱ्या दोन औषधांचे निष्कर्ष अधिक आशादायक आहेत. हे दोन्ही अभ्यास स्पेनमधील मालागा येथील बर्थिए आणि सहकाऱ्यांचे असून, त्यांतील रुग्णांचा वाचाघात जुना होता. २००६ सालच्या अभ्यासात २६ रुग्णांना भाषोपचारासोबत डोनेपेझिल किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. सोळा आठवड्यांच्या अखेरीस डोनेपेझिल घेतलेल्यांची सुधारणा अधिक होती. २००९ साली २८ रुग्णांवर मेमँटिन या औषधाचा अभ्यास झाला. तेथे प्रथम केवळ औषध दिले गेले आणि नंतर दोन आठवडे सघन भाषोपचाराची जोड देण्यात आली. सघन उपचारांनी दोन्ही गट सुधारले, म्हणजे निष्क्रिय गोळी घेणारेही सुधारले. सर्वांत चांगली प्रगती झाली ती औषध आणि सघन उपचार दोन्ही मिळालेल्या गटाची.

या निष्कर्षांकडे सावधपणे पाहणे आवश्यक आहे. २६ आणि २८ ही संख्या फार लहान आहे. अशा अभ्यासावरून दिशा कळते, खात्री मिळत नाही. तरीही एक सूत्र त्यांतून स्पष्ट होते. ज्या अभ्यासांत औषधाचा उपयोग दिसला, त्यांत जवळजवळ सर्वत्र भाषोपचार सोबत होता. भाषोपचाराची जागा औषधाने घेतली, असे या अभ्यासांतून कोठेही निघत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाचाघातावरील उपचार म्हणून मान्यता दिलेले एकही औषध आजपर्यंत नाही. त्यामुळे वरील औषधे या कारणासाठी दिली जातात तेव्हा ती मूळ मान्यतेच्या कक्षेबाहेर, डॉक्टरांच्या विवेकावर आणि रुग्णाच्या संमतीने दिली जातात.

'मेंदूच्या ताकदीची' औषधे

आपल्याकडे पक्षाघातानंतर 'मेंदूला ताकद देणारी' म्हणून काही गोळ्या व इंजेक्शने दीर्घकाळ दिली जातात. पिरासिटाम हे त्यांपैकी एक. २००० साली जर्मनीत २४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सघन भाषोपचारासोबत सहा आठवडे पिरासिटाम घेतलेल्यांची भाषेच्या अधिक अंगांत सुधारणा झाली आणि मेंदूच्या चित्रणात डाव्या बाजूच्या भाषा-केंद्रांतील रक्तप्रवाह अधिक वाढलेला दिसला. २००१ सालच्या कॉक्रेन आढाव्यात वाचाघातावरील औषधांच्या १० चाचण्या तपासल्या गेल्या. त्यांत पिरासिटामचा काही उपयोग असू शकेल, पण पुरावा दुबळा आहे आणि अधिक संशोधन हवे, असा सूर होता. हे औषध मेंदूतील रक्तस्रावात आणि मूत्रपिंडाच्या तीव्र विकारात देऊ नये, हेही लक्षात ठेवावे लागते.

सिटिकोलिन हे दुसरे सर्वपरिचित नाव. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या चाचणीत नुकताच पक्षाघात झालेल्या २,२९८ रुग्णांना हे औषध किंवा निष्क्रिय औषध देण्यात आले. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या एकूण सुधारणेत फरक आढळला नाही. ही चाचणी केवळ वाचाघाताची नव्हती. परंतु पुष्कळ कुटुंबे ज्या खात्रीने या औषधावर महिनोन्‌महिने खर्च करतात, त्या खात्रीला तिचा आधार मिळत नाही.

लहान अभ्यासातील आशा मोठ्या चाचणीत टिकतेच असे नाही, याचे आणखी एक उदाहरण देण्याजोगे आहे. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरील औषध. २०११ साली फ्रान्समधील ११८ रुग्णांच्या चाचणीत त्याने पक्षाघातानंतर हातापायांची हालचाल अधिक सुधारते असे दिसले आणि सर्वत्र उत्साह पसरला. पुढे ब्रिटनमधील ३,१२७ रुग्णांच्या चाचणीत त्याने एकूण सुधारणा झाली नाही. नैराश्याचे प्रमाण कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आणखी दोन मोठ्या चाचण्यांनीही सुधारणेचा दावा खरा ठरवला नाही.

ज्या औषधांना पर्याय नाही

याचा अर्थ औषधे टाकून द्यावीत असा कोणी घेऊ नये. वाचाघाताच्या रुग्णाच्या आयुष्यात काही औषधांचे स्थान निर्विवाद आहे. रक्तवाहिनी बंद झाल्यामुळे आलेल्या झटक्यात, योग्य रुग्णाला साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले, तर मेंदूचा आणि पर्यायाने भाषेचा मोठा भाग वाचू शकतो. बोलणे अचानक अडखळले किंवा निरर्थक झाले, तर 'थोडी विश्रांती घेऊ' असे न म्हणता तत्काळ रुग्णालय गाठावे, ते यासाठीच.

त्यानंतर रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवरील औषधे, तसेच डॉक्टरांनी दिली असल्यास रक्त पातळ ठेवणारी औषधे नियमित घ्यावी लागतात. महिनोन्‌महिने कष्टाने परत मिळवलेले शब्द दुसऱ्या झटक्यात क्षणात जाऊ शकतात. ही औषधे तुलनेने स्वस्त असतात आणि म्हणूनच कदाचित दुर्लक्षिली जातात.

पक्षाघात झालेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश व्यक्तींना नैराश्य येते. वाचाघातात रुग्णाला ते सांगता येत नाही, त्यामुळे 'हट्टी झाला', 'मन लावत नाही' असे शिक्के बसतात. खाणे कमी होणे, रात्री जागरण, उपचाराला यायची टाळाटाळ, कारणाशिवाय रडू येणे ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना सांगावे. नैराश्यावर योग्य उपचार मिळाले की भाषोपचाराच्या तासालाही रुग्ण पुन्हा रस घेऊ लागतो.

काही औषधांमुळे गुंगी येते किंवा सुधारणा मंदावण्याची शक्यता असते. झोपेची व शामक औषधे, हॅलोपेरिडॉल, फिटवरील काही औषधे यांचा अशा वेळी फेरविचार करता येतो. मात्र फिटची गोळी परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. म्हणून आमची नातेवाईकांना कळकळीची विनंती आहे, की रुग्ण घेत असलेली सर्व औषधे पिशवीत घालून तपासणीला आणावीत आणि कोणताही बदल डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करावा.

आमच्या विभागाची पद्धत

वरील सर्व गोष्टी ध्यानात घेऊन आमच्या पुनर्वसन विभागाने काही नियम ठरवले आहेत. प्रत्येक रुग्णाची भाषा-तपासणी त्याच्या घरच्या भाषेत होते. घरात कोकणी, दुकानात हिंदी आणि वाचन मराठी असे असेल, तर तिन्हींचा विचार केला जातो. ऐकणे व दृष्टी तपासली जाते. भाषोपचार सुरू झाल्यावर प्रगतीची नोंद ठरावीक काळाने त्याच चाचणीने केली जाते.

औषधाची जोड द्यावी असे मज्जाविकारतज्ज्ञांना वाटल्यास पुढील पथ्ये पाळली जातात. रुग्ण व कुटुंबीय यांना पुराव्याच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या जातात; रुग्णाला समजावे म्हणून चित्रे व लिहिलेले शब्द यांची मदत घेतली जाते, कारण बोलता येत नाही म्हणून त्याचा निर्णयाचा अधिकार संपत नाही. एका वेळी एकच नवे औषध दिले जाते. ते किती आठवडे द्यायचे हे आधी ठरते. नाडी मंदावणे, मळमळ, चक्कर, गोंधळलेपणा अशा दुष्परिणामांवर लक्ष ठेवले जाते आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासले जाते. भाषोपचार चालू नसेल, तर केवळ बोलणे सुधारावे म्हणून औषध सुरू केले जात नाही. मुदत संपल्यावर पुन्हा चाचणी होते. लाभ दिसला नाही, तर औषध थांबवले जाते.

कुटुंबीयांचा वाटा

आठवड्यातील काही तास रुग्ण आमच्याकडे असतो; उरलेला सारा काळ घरी. म्हणून घर हीच खरी शाळा आहे. समोर बसून, सावकाश, लहान पण पूर्ण वाक्यांत बोलावे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. शब्द चटकन पुरवण्याचा मोह टाळावा. बोलताना दूरदर्शन बंद ठेवावा. वही-पेन्सिल, दिनदर्शिका, घरातील माणसांची छायाचित्रे हाताशी असू द्यावीत. हावभाव, चित्र, एखादे अक्षर, कोणत्याही मार्गाने सांगितलेले स्वीकारावे. 'हो-नाही'ची गल्लत होत असेल, तर तेच विचारणे दुसऱ्या शब्दांत करून खात्री करून घ्यावी. पैशांचे व्यवहार किंवा सही यांबाबत तर हे फार आवश्यक आहे.

कायद्याची एक बाजूही कुटुंबीयांना माहीत असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा यांच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून, वाचाघातामुळे आलेल्या कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. अशा रुग्णांना तपासणीनंतर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही या क्षेत्रातील महत्त्वाची शासकीय संस्था आहे.

देणगीचा विनियोग

औषधाची पेटी डोळ्यांना दिसते, तिची किंमत छापलेली असते आणि देणाऱ्याला आपण काय दिले याचे समाधान मिळते. भाषोपचाराचा तास असा दिसत नाही. एक प्रशिक्षित व्यक्ती आणि एक रुग्ण टेबलाशी समोरासमोर बसतात. मधे काही चित्रे आणि एक वही असते. परंतु आजच्या ज्ञानानुसार वाचाघाताच्या रुग्णासाठी पैशाचा सर्वांत फलदायी उपयोग कोणता, असे विचारल्यास आमचे उत्तर 'हा तास' असेच आहे. औषधांचे जे काही सामर्थ्य आहे, तेही याच तासाच्या आधाराने प्रकट होते.

म्हणून वाचाघाताच्या रुग्णांसाठी मिळणाऱ्या देणग्यांचा विनियोग करताना विश्वस्त मंडळापुढे आम्ही पुढील क्रम ठेवला आहे : प्रथम उपचारतज्ज्ञांचे तास, त्यानंतर दूरच्या गावाहून येणाऱ्या रुग्ण व सोबत्याचा प्रवासखर्च, कारण उपचार अर्धवट सुटण्याचे ते एक मोठे कारण असते, मग दुसरा झटका टाळणारी नित्याची औषधे, आणि शेवटी, निवडक रुग्णांना ठरावीक मुदतीसाठी भाषोपचारासोबत द्यावयाची औषधे. उद्या मोठ्या चाचण्यांनी एखाद्या औषधाचा लाभ निर्विवाद सिद्ध केला, तर हा क्रम बदलण्यास आम्ही तयार राहू.

ज्यांना पैशाने साहाय्य करणे शक्य नाही त्यांच्यासाठीही या कामात जागा आहे. रुग्णांसोबत आठवड्यातून एखादा तास बसून सावकाश गप्पा मारणारे, जुनी छायाचित्रे चाळणारे, भजन म्हणणारे स्वयंसेवक आम्हांला हवे आहेत. तज्ज्ञांनी शिकवलेला शब्द वापरून पाहण्यासाठी रुग्णाला ऐकणारा कोणीतरी लागतो, आणि ऐकण्यासाठी थांबायची तयारी एवढीच या कामाची पात्रता आहे. इच्छुकांनी पुनर्वसन विभागाशी संपर्क साधावा, ही विनंती.